गाडीला ओ देणारा कुत्रा

माझ्या घरी लांडगा आलाय, ही बातमी गावात पसरली तेव्हा मी दुपारची झोप काढत होतो. उठून बघतो तर दारात दहा-बारा माणसं उभी. मला वाटलं, ट्रान्सफॉर्मर उडाला. मी बत्तीस वर्षं वायरमन होतो. लाइन गेली की लोकांना माझी आठवण यायची आणि लाइन आली की मी त्यांच्या डोक्यातून उतरायचो. निवृत्त झाल्यावर तेवढंही बंद झालं. बायको त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. त्यामुळे माझ्या दारात माणसं, हे दृश्य मला नवीनच होतं.

लांडगा नव्हता, हस्की होता, बर्फाळ मुलखातला कुत्रा. माझ्या मुलीनं पुण्यात हौसेनं घेतला आणि नोकरीसाठी परदेशी जायची वेळ आली तेव्हा गाडीत घालून आमगावजवळच्या आमच्या खेड्यात आणून सोडला. तीनच महिने सांभाळा बाबा, म्हणाली. त्याला काय द्यायचं, काय नाही, ह्याचा कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. बाबांना काय द्यायचं ह्याचा कागद कधी कुणी चिकटवला नव्हता, असं मनात आलं. तीन महिन्यांचे सहा झाले आणि नंतर तिनं तो विषयच काढला नाही.

जनावर दिसायला मात्र खरंच लांडग्यासारखं. उभे कान, करडी पाठ, पांढरं तोंड, एक डोळा तपकिरी आणि एक निळा. निळा डोळा इंग्रजाचा आहे, असं पानठेल्यावर ठरलं. वनरक्षक खात्री करायला आला, चहा प्यायला आणि कुत्र्यासोबत फोटो काढून गेला. मुलीनं त्याला काहीतरी फॅशनेबल नाव ठेवलं होतं, ते माझ्या जिभेवर बसेना. मी त्याला "काय बे" म्हणायचो. आठ दिवसांत तो त्यालाच मान वळवायला लागला.

कागदात उन्हाळ्याबद्दल एकच ओळ होती, थंड ठिकाणी ठेवा. आमच्या भागात एप्रिलमध्ये थंड ठिकाण आणायचं कुठून? त्याची जीभ दिवसभर बाहेर लोंबायला लागली आणि मला आमच्या लोकांचं शहाणपण सुचलं. आमच्याकडे होळी झाली की म्हशी भादरतात. केस गेले की जनावराला वारा लागतो, हे लहानपणापासून बघितलेलं. मी कात्री घेतली आणि त्याला अंगणात बसवून पाठ-पोट सगळं भादरून काढलं. तो बिचारा गप्प बसून राहिला. दोन दिवसांत त्याची कातडी उन्हानं लालभडक झाली. ऑटोत घालून आमगावला जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टरनं आधी कुत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ही काय तुम्हाला म्हैस वाटली का, असं विचारलं. ह्या जातीचे केस थंडी अडवतात तसं ऊनही अडवतात, ते त्याचं छप्पर असतं, असं त्यानं मला समजावलं. खांबावर चुकीची तार जोडल्यावरही मला इतकी लाज वाटली नव्हती.

मग ते छप्पर परत येईपर्यंत मलाच काहीतरी करणं भाग होतं. बायकोच्या आजारपणात आणलेला कूलर मी चादर टाकून ठेवून दिला होता. तिच्यानंतर तो लावलाच नव्हता. एकट्या माणसासाठी एवढा आवाज कशाला. तो झटकला, नवा वाळा भरला आणि लावला. राइस मिलमधून जुना गोणपाटाचा बारदाना आणून खिडक्यांवर टांगला आणि तासातासाला त्यावर पाणी मारलं. लाइन गेली की मी माझ्याच जुन्या खात्याला शिव्या घालायचो. पहाटे त्याला बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर नेऊन पोटापर्यंत पाण्यात उभा करायचो. दुपारी दोघंही ओल्या फरशीवर पडून असायचो आणि मी त्याच्याशी बोलत राहायचो. थंडी येऊ दे बे, मग बघ, आमच्याकडची थंडी म्हणजे काय ते दाखवतो तुला, हे मी त्याला रोज सांगायचो. सगळा उन्हाळा आम्ही हिवाळ्याच्या भरवशावर काढला.

पावसाळ्यात केस यायला लागले, त्याच्या अंगात जीव आला आणि त्याबरोबर आवाजही आला. हस्की फारसा भुंकत नाही. दिवस बुडायच्या सुमारास संध्याकाळची गाडी रेल्वे फाटकापाशी भोंगा देते. तो ऐकला की हा अंगणाच्या मधोमध बसायचा, तोंड वर करायचा आणि एक लांबच लांब हेल काढायचा. गाडीला ओ देत असल्यासारखा. मला ते फार आवडायचं. माझ्या घरातून कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय, एवढं तरी वाटायचं.

गावाला ते आवडणं शक्यच नव्हतं. कुत्रं रडलं की कुणाचं तरी वरचं बोलावणं येतं, हे आमच्याकडे सगळे धरून चालतात. त्यात माझ्या भिंतीला लागून असलेल्या घरात शेजाऱ्याची म्हातारी आई, मांडीचं हाड मोडून वर्षभर अंथरुणावर पडलेली. त्यांच्या अंगणात संध्याकाळ झाली की सगळ्या चपला उलट्या करून ठेवलेल्या दिसायच्या. चप्पल उलटी केली की कुत्र्याचं रडणं थांबतं म्हणतात. ह्याचं काही थांबायचं नाही. मग भिंतीपलीकडून स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडावर आपटल्याचा आवाज यायचा, दोनदा. चिडून हाकलताहेत असं समजून मी त्याला पट्ट्याला धरून आत ओढायचो.

दिवाळी झाली, तिच्यामागची मंडईची जत्रा झाली. धानकापणीच्या दिवसांत तो शेजारी, म्हणजे म्हातारीचा मुलगा, माझ्याकडे येऊन पायरीवर बसला. बराच वेळ धानाबद्दल बोलला. मग खाली बघत म्हणाला, "भाऊ, राग नोका मानू. बुढी अंथरुणावर हाय अन् तुमचा कुत्रा रोज दिवस बुडता रडते. घरच्या बाया भेऊन राहिल्या."

माणूस वाईट नव्हता. माझी बायको गेली तेव्हा तेरा दिवस त्याच्या घरून डबा आला होता. पण खरं सांगायचं तर मी डब्यासाठी ऐकलं नाही, भीतीपोटी ऐकलं. उद्या म्हातारी गेली तर गाव माझ्याशी बोलायचं सोडून देईल, असं वाटलं. तसंही गाव माझ्याशी काय मोठं बोलत होतं!

मुलीला फोन केला. तिनं नागपुरात ओळखीच्या घरी सोय लावली. एसी, मोठी गच्ची आणि सोबतीला आणखी एक हस्की. ते लोक गाडी घेऊन आले त्या सकाळी मी त्याला शेवटचा विंचरला. केस पुरते परत आले होते, इतके दाट की बोटं बुडायची. "काय बे," म्हटलं, त्यानं मान वळवली आणि गाडीत चढून बसला. बोडीवर नेताहेत असं वाटलं असेल त्याला.

आणि आठच दिवसांत थंडी पडली. सकाळी बोडीवरून वाफ निघायला लागली, गाव शेकोट्यांभोवती बसलं. जिचं मी त्याला उन्हाळाभर सांगत होतो ती थंडी आली आणि घरात मी एकटाच स्वेटर घालून बसलेलो. मला त्या थंडीचा राग आला. कुंपणाच्या काट्यांत अडकलेले त्याचे केस सापडायचे, ते मी काढत नव्हतो. संध्याकाळची गाडी भोंगा देऊन जायची आणि नंतर काहीच यायचं नाही. पेलाही वाजत नव्हता.

एका दुपारी शेजारच्या सुनेनं मला बोलावलं. सासूच्या खोलीतलं बल्बचं होल्डर जळलं होतं आणि घरचे सगळे मळणीला खळ्यावर गेले होते. मला खोली दाखवून तीही डबा घेऊन तिकडेच निघाली. मी स्टुलावर चढलो तशी म्हातारी खालून म्हणाली, "बाबू, तो लांडगा आता काऊन आवाज देत नाही?"

नागपूरला पाठवला, मी म्हटलं.

"कायले?"

तुमच्यासाठीच, हे सांगायचं सोडून मी तारा सोलत राहिलो. ती छताकडे बघत म्हणाली, "या खोलीत मले दिवस समजत नाही. त्यानं आवाज देल्ला का समजो, दिवस बुडाला, आता पोरगा वावरातून येईल. मी बी त्याले पेला वाजवून सांगो, ऐकलं म्हणून."

मी स्टुलावरून खाली उतरलो. चार महिने ती त्याला रोज उत्तर देत होती आणि प्रत्येक वेळी मी त्याला आत ओढत होतो. तिच्या नावावर कुत्रा गावाबाहेर गेला आणि तिला विचारावं, असं तिच्या मुलालाही सुचलं नाही, मलाही नाही.

होल्डर कसंबसं बसवलं आणि घरी येऊन नागपूरला निरोप टाकला, कसा आहे तो. त्या घरच्या बाईंनी लगेच एक व्हिडिओ पाठवला. गच्चीवर दोन हस्की शेजारी शेजारी बसलेले, दोघांची तोंडं वर. आता त्याला साथ मिळाली, असं खाली लिहिलं होतं. परत द्या, हे मला लिहवलं नाही. तो तिकडे सुखात आहे हे बघून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

दिवस बुडायला आला तसा मी अंगणात गेलो. शेजारचे अजून खळ्यावरून परतले नव्हते. गाडीनं भोंगा दिला. एकसष्ट वर्षांचा, शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालेला मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो, तोंड वर केलं आणि आवाज काढला. पहिला खोकल्यासारखाच निघाला. दुसरा लांब निघाला, मला वाटलं होतं त्याहून कितीतरी लांब, आणि तो मला थांबवता येईना. रस्त्यानं सायकलवर जाणारा एक जण थांबला, माझ्याकडे बघितलं आणि जोरात पॅडल मारत निघून गेला. उद्या पानठेल्यावर माझ्याबद्दल काय ठरणार, ते मला कळलं.

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बराच वेळ काही आलं नाही. मग पलीकडे पेला वाजला, दोनदा.