जाता जाता

‘जाता जाता’ हे शब्द कुणी नुसते उच्चारले तरी माझं डोकं फिरतं. त्याला कारण आमची धाकटी. कोटांच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर ती कॉलर शिवायची. पन्नाशीला टेकलेली बाई, केस पिकलेत, पण घरात भावंडांत धाकटी म्हणून अजून धाकटीच. दादाचा फोन यायचा, “धाकटी आहे का?” ऐकून ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो.

आणि फोनवर काय असायचं? “अगं, जाता जाता इस्त्रीचे कपडे घे.” मग वहिनीचा, “जाता जाता बाबांच्या गोळ्या आण गं.” इस्त्रीवाला गावाच्या एका टोकाला, औषधाचं दुकान दुसऱ्या टोकाला. अख्खं जग हिच्या एकटीच्याच वाटेवर कसं येतं, मला तर कळायचं नाही. बोलले तर हसायची. म्हणायची, “अगं, मी एकटी. मला कुठे काय असतं?” हे काही तिचं वाक्य नव्हे. घरात ऐकून पाठ झालेलं.

बरं, हा दादा करतो काय, माहितीये? मोठमोठ्या ऑफिसांत जाऊन वेळेचा सदुपयोग कसा करावा यावर भाषणं देतो! थट्टा नाही, खरंच सांगतेय. गळ्यात टाय, हातात माइक. “जे काम दुसरा करू शकतो, ते तुम्ही करत बसू नका,” हे त्याचं टाळ्यांचं वाक्य. एकदा आमच्या मालकानेही त्याला बोलावलं. आम्ही सगळ्या बाया मशीन बंद करून बसलो आणि हा आम्हाला सांगतोय, रोज एक तास स्वतःसाठी काढा. धाकटी पहिल्या रांगेत बसून कौतुकाने टाळ्या पिटत होती. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. अरे बाबा, तिचेच तास ओरबाडून तू तुझे वाचवतोस ना!

तर धाकटीला कापड कापायचं काम हवं होतं. शिवणं वेगळं आणि कोट कापणं वेगळं. आमच्याकडे ते काम एकट्या मास्तरांचं. कॉलरी शिवताना हिची नजर कायम त्यांच्या टेबलावर. मास्तर थकले, काम सोडायचं म्हणाले, तेव्हा मालकाने बाहेरचा माणूस ठरवला. मास्तर अडून बसले. “आधी धाकटीचा हात बघतो,” म्हणाले. मग तिला, “मंगळवारी सकाळी माझ्यासमोर एक कोट काप. जमला तर टेबल तुझं. नाहीतर दुपारी तो माणूस येतोच आहे.”

कापण्यात एक गोष्ट असते. लांब कड एका दमात कापायची. मध्ये लक्ष गेलं, हात थांबला, की तिथे कडेला दात पडतो. धाकटी घरी जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरी पसरून हात बसवायला लागली. एक चादर मला दाखवायला आणली, तर कडेला दातच दात. बोट ठेवून सांगत गेली, “इथे वहिनीने हाक मारली. इथे बेल वाजली. इथे दादाला चार्जर सापडेना.” सगळं घर उमटलं होतं त्या कडेवर. ती हसत होती, मला मात्र रडू आलं, रागाने.

“घरच्यांना सांग ना, मंगळवारी काय आहे ते.”

“सांगितलंय. सगळे हो म्हणाले.”

मंगळवार उजाडला. मास्तरांनी कापड पसरून ठेवलं, खडू ठेवला, आणि बाईचा पत्ता नाही. माझा जीव टांगणीला. मालक दोनदा डोकावून गेला. शेवटी दार उघडलं. धाकटी आत आली, ती वडिलांना हाताला धरून! म्हातारबाबा घरच्या चपला घालून, स्वेटर उलटा.

“हे काय?” मी ओरडलेच.

“दादा म्हणाला, तू निघालीच आहेस, तर जाता जाता बाबांना रक्त तपासायला ने.” तिने बाबांसाठी खुर्ची ओढली. “लॅबच्या दारापर्यंत गेले गं. केवढी रांग! तशीच मागे फिरले.”

बाबा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, “मला चहा मिळेल का?”

“उपाशीपोटी तपासायचं असेल ना?” मी विचारलं.

“उद्या राहीन उपाशी. मी काही आज मरत नाही. तिला कापू दे.”

धाकटीने हात धुतले, खडूने आखलं, कात्री लावली. तिचा फोन टेबलावर गुरगुरत होता. मी उचलून चिंध्यांच्या ढिगात कोंबला. थोड्या वेळाने खुद्द दादाच हजर, टायसकट.

“लॅबवाले म्हणतात, कुणी आलंच नाही! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिकडे हॉल भरून माणसं बसलीत, माझा वेळ...”

“आवाज नको,” मास्तर म्हणाले. “बाई कापतेय.”

ती पाठीच्या लांब कडेवर होती. तिने मान वर केली नाही. दादा उभा राहिला. आम्ही कुणी त्याला बस म्हटलं नाही. तो घड्याळ बघायचा, बाबा चहात बिस्कीट बुडवायचे, कात्री कचकच पुढे जायची. खोटं कशाला बोलू, मला एवढं बरं वाटलं!

मास्तरांनी कडेवरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठे अडलं नाही.

“टेबल तुझं,” म्हणाले. “उद्यापासून सगळ्यांच्या आधी यायचं, कापड पसरायला.”

आम्ही बाया ओरडलो, टाळ्या वाजवल्या. आणि दादाच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल?

“सगळ्यांच्या आधी? मग सकाळी बाबांचं कोण बघणार?”

धाकटीने कापलेले भाग घडी घालून बाजूला ठेवले. त्याच्याकडे बघितलं.

“आत्ता मी कामावर आहे, दादा. त्यांना हाताला धरून ने, बाहेरची पायरी उंच आहे,” म्हणाली आणि तिने पुढचं कापड ओढलं.