टेम्प्लेट शिजवून पाहिलं

मूल गावातल्या एका राईस मिलच्या वेबसाइटला जोडायचं एक प्लगइन मला करून द्यायचं होतं. मिलमध्ये आज कोणकोणता तांदूळ आहे ते त्यात दिसणार, एवढंच. काम पसंत पडलं तर मालक वर्षभराचं काम देणार होते आणि मी घरीच राहणार होते. नाहीतर पुण्याची नोकरी. मला पुण्याला जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं.

प्लगइन कोणी कोऱ्या पानावरून लिहीत नाही. एखादं स्टार्टर टेम्प्लेट, म्हणजे तयार सांगाडा घेतात आणि त्यात आपलं भरतात. असे सांगाडे निघाले पन्नासेक. एकाची स्तुती वाचावी तर लगेच त्याची निंदाही सापडे. चार दिवस मी नुसती वाचत बसले. मुलगी पाहायला आलेली मंडळीसुद्धा इतक्या खोड्या काढत नसतील.

आई म्हणाली, "शिजवून पायलं काय?"

आमच्याकडे वर्षाचा तांदूळ घ्यायचा तर प्रत्येक नमुन्याची मूठमूठ शिजवून खातात, मगच पोतं ठरतं. आईला प्लगइन म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण मला पटलं. सहा टेम्प्लेट घेतली, प्रत्येकात एकेक तांदूळ टाकून चालवून पाहिली. तीन सुरूच झाली नाहीत. दोन तासभर कसलंसं डाउनलोड करत बसली. सहावं दिसायला गबाळं, पण झटक्यात चाललं. तेच ठरलं.

त्यात नमुना म्हणून एका मालाची नोंद होती: केळी, फोटोसकट. आपला माल भरला की ती काढून टाकायची असते. पण आमच्या घरात नमुन्याची पुडी वर्षाचा तांदूळ संपेपर्यंत कोणी फेकत नाही, माल ताडून पाहायला लागते. त्याच सवयीने मी केळी राहू दिली आणि प्लगइन साइटवर चढवलं. ती साऱ्या जगाला दिसतील हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन. "काऊन वं पोरी, आपन केळी कधीपासून विकून राह्यलो?"

मी घाईघाईने लॅपटॉप उघडला. "चुकलं भाऊ. आत्ता काढते."

"थांब न! सकाळपासून तीन फोन आले, एक तर पार सिरोंच्याहून. साइट पाहून आजपर्यंत मले कोनाचाच फोन नाई आला."

"पण भाऊ, त्यांनी केळीच मागितली ना?"

"मागतली. दोघाईले तांदूळ देल्ला न मी."

वर्षभराचं काम मिळालं. अट एकच, केळ्यांना हात लावायचा नाही. मला इतका आनंद झाला की मी विचारून बसले, "भाऊ, पपई पण टाकू काय?"

मालकांनी विचारलं, "फोटो हाये काय पपईचा?" ते खरंच विचार करत होते.