वहिनींच्या मावशींचा उंबरठा

माझ्या थोरल्या वहिनींच्या मावशींच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती होत्या: हात दाखवून स्वयंपाकघरात येणारी आणि बाहेर ओट्यावर बसणारी. तिसऱ्या जातीचा कोणी समोर आणून उभा केला असता, तर त्याचेही हात त्यांनी आधी उलटेपालटे करून पाहिले असते. एकोणीसशे साठ ते सत्तरच्या दशकात, सुरतेत उधन्याच्या बाजूला, एका चाळीच्या टोकाच्या दोन खोल्यांत त्या खाणावळ चालवीत. खानदेशातून गिरणीकामाला आलेली वीस-बावीस माणसे तेथे जेवत. मी चोवीस वर्षांचा, एका गिरणीच्या, कापडाचे तागे मोजणाऱ्या फोल्डिंग खात्यात कारकून, मीही त्यांतलाच. सुटीच्या दिवशी प्रत्येकाने पाळीपाळीने स्वयंपाकाला मदत करायची असा तेथील रिवाज होता, आणि मदतीला येणाऱ्याला उंबरठ्यावरच हुकूम होई, "हात दखाड भाऊ, मंग मझार ये." मझार म्हणजे आत. आधी तळवे, मग पालथे हात, मग एकेक नख. हातावर कोठे चीर, फोड, खरचटलेले दिसले की त्या माणसाची रवानगी ओट्यावर. तेथे बसून त्याने फक्त शेंगा सोलायच्या, त्याही टरफलासकट परत मोजून घेतल्यासारख्या नजरेखाली.

त्यांच्या स्वयंपाकघरात तीन खिळ्यांवर तीन फडकी असत: एक हाताचे, एक भांड्यांचे, एक जमिनीचे. एका नव्या विणकराने भांड्यांच्या फडक्याला तोंड पुसले, तेव्हा मावशींनी ते फडके पातेल्यात उकळायला घातले आणि ते उकळेपर्यंत त्याला चुलीपाशी उभे केले. "बघ, तुझ्या तोंडाची आमटी होतेय," असे त्या त्याला म्हणाल्या. विळी उभी दिसली की त्यांच्या छातीत धस्स होई; काम संपले की पाते पाडून ठेवलेच पाहिजे. स्टोव्ह पेटता असताना त्यात रॉकेल ओतणाऱ्यांविषयी त्या असे बोलत, जणू ती माणसे यापूर्वीच वारली आहेत. स्वतःला पडसे झाले की त्या ओट्यावर जाऊन, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसत आणि रस्त्याकडे तोंड करून आतल्यांना सूचना देत, "मीठ आत्ता टाका! झाकण ठेवा!" समोरून जाणारा गुजराती दूधवाला एकदा दचकून थांबला आणि म्हणाला, "मासी, कोने कहो छो?" कोणाला सांगता, असे. तर मावशींनी नाकाला पदर लावून त्यालाच विचारले, "चरवी धोयी के नही?"

एका पावसाळ्यात तापीचा पूर ओसरल्यावर गल्लीगल्लीत माणसे जुलाबांनी आजारली. आमच्या खाणावळीत मात्र एकालाही काही झाले नाही. महिनाभर त्यांनी थेंबन् थेंब पाणी उकळून, तुरटी फिरवून दिले होते, आणि पिंपात पेला बुडवू दिला नव्हता. लांब दांड्याच्या ओगराळ्याने त्या स्वतः पाणी वाढीत. एक सरकारी निरीक्षक तपासणीला आला, तर त्याच्या बोटांना शाई होती. तो दोनदा हात धुऊन आत आला आणि जाताना, का कोण जाणे, नमस्कार करून गेला.

त्यांच्या या वेडामागे काय होते हे मला एका प्रसंगातून कळले. लूम खात्यात मागांवर देखरेख करणारे एक वयस्कर जॉबर आमच्यात जेवायला येऊ लागले. ते बौद्ध समाजाचे होते; गावाकडची सवय अंगात मुरलेला आमच्यातला एक जण पहिल्याच रविवारी कुरकुरला, "मावशी, यांना चुलीपर्यंत नेता?" मावशींनी जॉबरदादांचे हात पाहिले, मग बोलणाऱ्याचे पाहिले. "त्याना हात साफ शेतस. तुना नही. तू बाहेर बस," असे म्हणून त्यांनी दादांच्या हाती लाटणे दिले. पंगत हसली; दादा हसले नाहीत, पण त्या दिवसापासून ते मावशींच्या हातचे सोडून दुसरीकडे पाणीसुद्धा पीत नसत.

माझे हात मात्र त्यांनी वर्षभरानंतर पाहणे बंद केले. "कारकुनाचे हात, त्यात काय बघायचं," असे त्या एकदा सर्वांसमक्ष म्हणाल्या, आणि मी ओलांडत असलेला तो उंबरठा मला एखाद्या पदवीसारखा वाटू लागला. या अभिमानाविषयीच मला लिहायचे आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाऊ न शकलेल्या आम्हा सर्वांसाठी मावशी खापरावरची पुरणपोळी करीत. उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर, हातावर फिरवून मोठी केलेली ती पोळी म्हणजे आमचे गावच. त्या वर्षी पुरण वाटायला त्यांनी मला निवडले. आणि त्या आठवड्यात माझ्या उजव्या अंगठ्याला नखुरडे झाले होते. तागे मोजताना चिंधीखाली झाकले जाई. नखाच्या कडेला पू धरला होता. सांगितले असते तर मी ओट्यावर शेंगा सोलीत बसलो असतो, आणि ज्यांच्या देखत मला ती सूट मिळाली होती त्यांनीच मला तेथे पाहिले असते. मी चिंधी सोडली, साबणाने तीनदा हात धुतले आणि आत गेलो. मावशींनी मान वर करूनही पाहिले नाही. सकाळभर मी पाट्यावर ते गरम, मऊ पुरण वाटले. हाताने गोळा केले, दाबून डब्यात भरले. अंगठा ठणकत होता. पहिल्या पाळीची माणसे सुटून येईपर्यंत वैशाखाच्या त्या उकाड्यात पुरण तसेच होते.

सूर्य मावळायच्या आत चौदा जणांना उलट्या सुरू झाल्या. जॉबरदादांनी मावशींच्या आग्रहाखातर चार पोळ्या खाल्ल्या होत्या. त्यांना रिक्षात घालून इस्पितळात न्यावे लागले आणि दोन दिवस सलाईनवर ठेवावे लागले. डॉक्टर विचारीत होते, काय खाल्ले, कोणी केले, कोणाला जखम होती का; जखमेतल्या पुवाचे विष भाजल्यानेही जात नाही, असे ते म्हणाले. मी तेथे दाराशी उभा होतो. मावशी म्हणाल्या, "जखम कोणालाच नाही, मी हात पाहते." आणि मी खाली पाहिले.

दादा वाचले. मावशींनी मात्र डाळ फेकली, गूळ फेकला, पाटा वाळूने इतका घासला की त्याचे टाके गेले. नंतर त्यांनी सर्वांना बोलावले आणि उभ्या राहून म्हणाल्या, "मनंच चुकनं. काय चुकनं ते माले सापडत नही. तोवर मी कोणाले जेवाले घालाव नही." चूल थंड झाली. माणसे कडोदऱ्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलांत जेवू लागली. मावशी दिवसभर खिडकीपाशी बसून स्वतःचे हात पाहत; मी ते येता-जाता पाहत असे आणि रोज ठरवीत असे की उद्या सांगेन.

पंधराव्या दिवशी, त्यांचा मुलगा त्यांना गावी न्यायला येणार असे कळल्यावर, मी सांगितले. त्यांनी मला खिडकीच्या उजेडात ओढले आणि अंगठा पाहिला. एव्हाना तो बरा झाला होता. नवे नख गुलाबी, वेडेवाकडे येत होते. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर आधी जे आले ते समाधान होते, म्हणजे पाटा स्वच्छ होता, पाणी स्वच्छ होते. मग तेही ओसरले, आणि त्यांनी विचारले, "आते दुखस का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी माझा हात सोडला. "तुना हात न पाहनारी मीच व्हती," एवढेच त्या शेवटी म्हणाल्या, आणि माझ्या चुकीत स्वतःचा वाटा काढून घेऊन त्यांनी मला अधिकच लाजविले.

चूल पुन्हा पेटली. दहा-बारा माणसे परतली. जॉबरदादा सर्वांत आधी. कोणी विचारले, "मावशी, कारण सापडलं?" तर त्या म्हणत, "सापडनं," आणि पाणी वाढू लागत. त्यांनी नाव कधी सांगितले नाही. मीही कधी स्वतः पुढे होऊन ते सांगितले नाही. दादा निवृत्त होऊन गावी गेले तेव्हा त्यांना गाडीवर पोहोचवायला मी होतो. फलाटावर त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि तेव्हाही मी बोललो नाही. मावशींना जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

त्या आखाजीच्या पंगतीला बसलेल्यांपैकी जे कोणी हयात असतील, त्यांनी इतकी वर्षे मनात कोठेतरी धरले असेल की त्या बाईंकडून एकदा काहीतरी राहून गेले. तसे नव्हते. त्यांनी जे केले ते सगळे नीट केले होते. पुरण मी वाटले होते.