गारगोटीखालचं बिऱ्हाड

"हळू! बिऱ्हाड हाय थितं," असं म्हणत मामा आधी माझं मनगट धरायचे आणि मग स्वतः दगड उलटायचे. दगडाशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी एकच पाहिला, वेल्ह्याच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या उघड्या कातळाच्या पठारावर.

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी नवखा सहायक होतो. पृथ्वीबाहेर, मंगळासारख्या कोरड्या जागी जीव तग धरू शकेल का, हा आमचा विषय. त्यासाठी भर उन्हाळ्यात सड्यावरच्या गारगोट्या उलटायच्या. गारगोटीतून उजेड झिरपतो, त्यामुळे तिच्या बुडाला शेवाळाचा बारीक थर जगतो. उन्हाळ्यात तो काळा, मेल्यासारखा दिसतो.

मामा विंझरचे. जात्या-पाट्यांना टाकी लावण्यात, छिन्नीनं त्यांचे गुळगुळीत झालेले दगड पुन्हा खरबरीत करण्यात आयुष्य गेलेलं. घरोघरी मिक्सर आले आणि त्यांचा धंदा बसला, म्हणून ते आमच्याकडे रोजावर आले. दगड त्यांना आतून कळायचा.

मंगळाचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "थितं गारगोट्या हायती?"

"असतीलही."

"मग उलटाया मानूस लागंल की! थोरल्या सायबास्नी माजं नाव सांगून ठिवा."

थोरले साहेब म्हणजे आमचे प्रमुख. मी धाकला साहेब. आपण मंगळाच्या कामावर आहोत हे मामांनी गावभर सांगितलं होतं. लोक हसायचे. मामाही हसायचे, पण सड्यावर धुतलेला सदरा घालूनच यायचे.

थोरल्या साहेबांचा नियम एकच होता: नमुन्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. महिनोन्‌महिने सुकलेला जीव प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाणी मिळाल्यावर कसा जागा होतो, हेच तर पाहायचं होतं. पण सुकलेल्या थरात जिवंत कोणता आणि नुसता डाग कोणता, हे ओळखताना जीव मेटाकुटीला यायचा. थेंब टाकला तर जिवंत थर थोड्या वेळात हिरवा दिसे. एका दुपारी उन्हानं डोकं फिरलं आणि मी म्हणालो, "मामा, टाका थेंब थेंब. लवकर उरकू."

"थोरल्या सायबांनी नगं म्हनून सांगितलंय."

"मी सांगतोय ना!"

मामांनी बाटली उघडली. आठवडाभर आम्ही असंच उरकलं. मी खुशीत होतो.

प्रयोगशाळेत त्या आठवड्याचे नमुने आधीच जागे झालेले निघाले, आणि ते आधीच्या कोरड्या नमुन्यांत मिसळून गेले होते. अख्खा उन्हाळा वाया गेला. थोरले साहेब तडक सड्यावर आले आणि आम्हा दोघांना समोर उभं करून त्यांनी विचारलं, "पाणी कोणी टाकलं?"

माझी नोकरी कच्ची होती. मी बुटाकडे पाहत राहिलो. आजही लिहिताना कानशिलं तापतात.

"म्या टाकलं, सायेब," मामा म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात. कुणाच्या सांगण्यावरून, एवढंच त्यांनी सांगितलं नाही.

मामांना त्याच दिवशी काढलं. जाताना त्यांनी माझी पिशवी गाडीपर्यंत आणून दिली. मी ती घेतली.

मग माझी नोकरी पक्की झाली. दोन वर्षं मी विंझरला जायचं टाळलं. शेवटी एका रविवारी एसटीत बसलो. वाटेतल्या मार्गासनी गावापासून पुढे मनात वाक्य जुळवत होतो: मामा, चूक माझी होती, थोरल्या साहेबांना मी आता खरं सांगतो.

दार मामींनी उघडलं. मामा गेल्या थंडीतच वारले होते. मी प्रयोगशाळेतला म्हटल्यावर त्यांनी घाईनं सतरंजी टाकली, चहा केला आणि पदर सावरून समोर बसल्या.

"सायेब, तुमच्या कामात ह्यांच्या हातनं पानी सांडलं म्हनं," त्या म्हणाल्या. "लई मनाला लावून घेतलं हुतं त्यांनी. अडानी मानूस, पोटात घाला."

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. जुळवलेलं वाक्य ओठापर्यंत आलं. समोर मामी हात जोडून बसल्या होत्या.

"असू द्या, मामी," मी म्हणालो, आणि चहा प्यायलो.