नाकाला लावलेला कांदा

आमच्या विट्याकडं उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते, कांदा-लसणाची. मिरच्यांची देठं काढायची, खोबरं किसायचं, लसूण सोलायचा, ही कामं एकटीनं केली तरी चालतात. कांदा मात्र एकटीनं चिरू नये. पाटीभर कांदा मध्ये घेऊन दोघीचौघी बसल्या की सगळ्यांच्याच डोळ्यांना धारा लागतात आणि कुणी कुणाला का म्हणून विचारत नाही. ज्या बाईला मनापासून रडायचंय तिच्यासाठी वर्षातला हा सगळ्यात सोयीचा दिवस, असं माझं फार जुनं मत आहे.

म्हणून औंदा बहिणीचा फोन आला, पोरगी कुणाचं ऐकत नाही, तू तरी समजाव, तेव्हा मी म्हटलं, पाठवून दे. कांद्याला माणूस हवंच होतं.

पोरगी म्हणजे माझी भाची. चांगली शिकलेली, लग्नाला वर्ष होत आलेलं, आणि दिलेली आमच्यासारख्याच गलाईवाल्याच्या घरात. आमच्या भागातली माणसं कुठल्या कुठल्या शहरांत सोनं गाळायची दुकानं काढून बसलेली असतात. दिवाळीला यायचं, जत्रेला यायचं, आणि बाकी वर्षभर बायकोनं इथं सासू-सासऱ्यांजवळ राहायचं. माझा उभा संसार असाच तुकड्यातुकड्यांनी झाला. भाचीचा नवरा मात्र नव्या रीतीचा. त्यानं तिकडं खोली घेतली, गॅस घेतला, खिडक्यांना पडदेसुद्धा लावले आणि जत्रेला आला तो बायकोला बरोबर न्यायचं ठरवूनच आला. आणि ही म्हणते, मी येत नाही. कारण विचारलं की गप्प. गाडी रविवारची. सासू म्हणत होती, हिचं कायतरी दुसरंच असणार. नवरा बिचारा काहीच म्हणत नव्हता, आणि ते जास्त वाईट.

आमच्या सोप्यात आम्ही दोघी समोरासमोर विळ्या मांडून बसलो. मी मुद्दाम इकडचं तिकडचं बोलत राहिले. पाटी निम्मी झाली तशी ती खाली मान घालूनच म्हणाली,

"मावशी, माझ्यात खोट आहे."

मला वाटलं, मूलबाळ. मी म्हटलं, अगं, वर्ष म्हणजे काय, थांब जरा. तिनं मान हलवली. "ते नाही. मला ते होत नाही."

"ते म्हणजे?"

तिनं हातातला आख्खा कांदा चिरून टाकला. मग सगळं एकदम बाहेर आलं. मैत्रिणी सांगतात, मोबाइलवर लिहिलेलं असतं, बाईला असं होतं नि तसं होतं, डोळ्यांपुढं काजवे चमकतात. हिला नवरा आवडतो, त्याचं जवळ येणं आवडतं, पण चढ चढत जावं आणि मध्येच रस्ता संपावा तसं काहीतरी होतं. आणि तो दर वेळी इतक्या आशेनं विचारतो, झालं का, की ही हो म्हणते. नुसतं हो म्हणून भागत नाही, मग तसं करूनही दाखवते.

मी विचारलं, करून दाखवायला शिकलीस कुठं? तर म्हणे, सिनेमांत बघून. म्हटलं, आणि पातळ भिंतीपलीकडं सासू झोपलेली असताना? तर म्हणे, आवाज न करता. आता मोठ्यानं नाटक करणाऱ्या पुष्कळजणी असतील, पण मुकं नाटक करणारी ही पहिलीच. मला हसू येत होतं, ते मी पदराखाली दाबलं, कारण तिचं रडणं कांद्याचं नव्हतं.

"इथं ठीक होतं गं. तो येणार वर्षातून दोनदा. तिकडं त्याच्याजवळ राहून रोज कसं करू? कधीतरी कळणारच. मग म्हणेल, ही थंड आहे आणि वर खोटारडी."

असं होय. म्हणजे नवरा नको होता असं नाही, नवऱ्यापुढचं नाटक नको होतं. तेव्हा मी विळी बाजूला सारली आणि हिला ते सांगितलं जे आजवर तिच्या आईलाही सांगितलं नव्हतं.

माझी पोरं मोठी झाली होती तेव्हाची गोष्ट. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, जत्रेला आलेले. खंडाळ्याकडं पाहुण्यांत लग्न निघालं आणि घरातली सगळी, सासू, दीर, जावा, पोरंटोरं, टेंपो करून वऱ्हाडाला गेली. माझी कंबर धरली होती म्हणून मी राहिले आणि माझ्यासाठी मालक राहिले. लग्न झाल्यापासून त्या घरात आम्ही दोघंच असण्याची ती पहिली वेळ. भर दुपार. त्यांनी कंबरेला तेल चोळून दिलं. पलीकडं कुणी खोकत नव्हतं, कुणी हाक मारणार नव्हतं, भांडं पडलं तरी ऐकायला माणूस नव्हतं. त्यामुळं चोळणं सावकाश चाललं. मग ते कंबरेवरच राहिलं नाही, एवढं सांगितलं म्हणजे बास.

आणि मला काय व्हायला लागलं ते मलाच कळेना. मांड्या थरथरायला लागल्या, पोटातून कायतरी उसळून वर आलं, आतल्या आत धडधड धडधड, कानांत गरम वाफ, आणि तोंडातून असा आवाज निघाला की दारातली कोंबडी उडाली. मालकांनी चेहरा पाहिला आणि ते ताडकन उठले. धोतराचं भान नाही, स्वयंपाकघरात पळाले, बुक्की मारून कांदा फोडला आणि येऊन माझ्या नाकाला लावला. आमच्याकडं फेफरं आलं की कांदाच हुंगवतात. वर विचारतायत, "दातखीळ बसली का? आगं, बोल की!"

मी काय बोलणार? कांद्यानं डोळे झोंबतायत, अंगात अजून लाटा चालू आहेत, आणि मला एकाच वेळी रडू आणि हसू येतंय. ते पाहून त्यांची खात्रीच झाली की हे डोक्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी धरून सांगलीला नेलं, बायांच्या डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी विचारलं, झटका कधी आला? मी सांगितलं, दुपारी. काय करत होता? मी भिंतीकडं बघायला लागले. मालक दाराकडं. बाई हुशार. त्यांनी मालकांना बाहेर बसवलं, मला दोनचार प्रश्न विचारले आणि मग टेबलावर कपाळ टेकून हसल्या. इतक्या हसल्या की बाहेरून नर्स डोकावली.

"तुम्हाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या, "जे व्हायला हवं तेच झालंय. उशिरा झालं, एवढंच."

मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी मुलीला अक्षर शिकवावं तसं. वरच्या बाजूला, जिथं दोन्हीकडच्या पाकळ्या मिळतात, तिथं डाळीएवढा दाणा असतो. दिसतो एवढासाच, पण तो आत दोन्ही अंगांना बराच पसरलेला असतो. त्याचं दुसरं काही कामच नाही, सुख देणं एवढंच काम. पुष्कळ बायकांना नुसत्या संबंधानं काही होत नाही, त्या दाण्यापर्यंत हात पोचावा लागतो, आणि तोही हलका आणि सावकाश. कुणाला बाहेरून होतं, कुणाला आतून वाटतं, कुणाला दोन्ही मिळून. कुणाला एकदाच जोरात, कुणाला लागोपाठ लहान लहान. आज झालं म्हणून उद्या होईलच असं नाही. आणि मनावर ओझं असलं, कुणी ऐकेल अशी धास्ती असली, तर अंग उघडतच नाही. दुखत असलं तर मात्र सोसायचं नाही, दाखवायला यायचं. पुस्तकातलं नाव त्यांनी सांगितलं, शिश्निका. ते मला पटलं नाही. वस्तू माझी आणि नाव पुरुषाच्या अवयवावरून. मी आपली दाणाच म्हणते.

मग त्यांनी मालकांनाही आत बोलावून थोडक्यात सांगितलं. ते मान खाली घालून "असं व्हय, असं व्हय" करत होते. एसटीनं परत आलो. विट्याच्या स्टँडवर उतरलो, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि म्हणाले, "भट्टी एकदम पेटवली की मूस तडकती, हे मला पोरसवदा वयात शिकवलं. तुझं कुणी सांगितलंच न्हाई बघ." मूस म्हणजे ज्यात सोनं गाळतात ते भांडं. त्या माणसाला सोन्याजवळ तासन्‌तास बसायची सवय होती. घाईची सवय त्याला या घरानं लावली होती.

भाची तोंडावर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे काकांनी खरंच कांदा..."

खरंच, म्हटलं. आणि पुढचं ऐक. त्याच उन्हाळ्यात चटणी कांडायला डंकावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीत, नंबर लावून बसले होते. डंकाचा आवाज असा की डोक्याला डोकं लावल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणून बायका तिथं काहीही बोलतात. मी हळूच विषय काढला. एकजण म्हणाली, मला शिंक येते ना तसं, येतंय येतंय वाटतं, आलं की मोकळं, आणि कधी येतच नाही. दुसरी म्हणाली, घाटात गाडी एकदम खाली जाती तवा पोटात कसा गोळा उठतो, तसं. आमच्या आळीत बांगड्या भरणारी चाची होती, ती म्हणाली, आमचं आडातल्या बादलीवानी, हळूहळू भरून वर येती, काठावर आली की सांडती. एक विधवा बाई मिरच्यांची पाटी पुढं सारत म्हणाली, मला झोपेत हुतं, सपनात, जाग आली की गालावर हसू असतंय. आणि एकीनं तर हात झटकले. "मला असलं काय न्हाई बाई. त्यांनी पाठीवरनं हात फिरवला की मला लय बरं वाटतं. तेवढ्यावर माझं पोट भरतंय." तिच्या तोंडावर कुठलीच खंत नव्हती.

"यातलं खरं कुठलं?" भाचीनं विचारलं.

"सगळीच खरी. एकाच कांद्यानं कुणाचं नाक गळतं, कुणाचे डोळे. आणि खोट म्हणशील तर त्यांतल्या एकीतही नव्हती."

ती जराशी सैल झाली. पण खरा प्रश्न उरलाच होता. त्याला काय सांगू? मी म्हटलं, चौकीत जबाब द्यायला बसल्यासारखी कबुली देऊ नकोस. मलाही अजून माझं मला नीट कळलेलं नाही, आपण दोघं मिळून बघू, असं सांग. आधी स्वतःची ओळख स्वतः करून घे, न्हाणीघराला कडी असते ती कशासाठी? आणि झालं का, झालं का हे विचारणं बंद कर म्हणावं. तव्यावरच्या भाकरीलासुद्धा कुणी असं विचारत नाही.

"आणि नाहीच झालं तर?"

"तर नाही. शाळेत आहेस का, हजेरी लावायला? आवडतंय तोवर खरं आवड, नाही तेव्हा नाही म्हण. नाटक करून करून दमलीस, ते तेवढं सोड."

यावर ती पहिल्यांदा हसली, आणि तिला हसताना पाहून मलाही आवरेना. दोघींच्या डोळ्यांतून धारा, दोघी गदागदा हलतोय. नेमके तेवढ्यात मालक बाहेरून आले. आता त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी आम्हाला तसं पाहिलं, घाबरून पाटीतला अर्धा कांदा उचलला आणि म्हणाले, "कुणाला काय झालं?"

भाची जमिनीवर लोळायची तेवढी बाकी राहिली. मालक हातातल्या कांद्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. कांदा पाटीत ठेवून, टोपी नीट करून ते आले तसे परत गेले. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला पाठीमागूनही दिसल्या.

त्या रात्री सासरी परत जाऊन तिनं नवऱ्याला काय आणि किती सांगितलं, ते मी विचारलं नाही. रविवारी गाडीत बसताना ती खिडकीशी होती, चटणीची बरणी मांडीवर धरलेली. तो म्हणाला, "मावशी, चटणी तिखट झालीय का?" मी म्हटलं, हळूहळू खा म्हणजे लागणार नाही. ती खिडकीतून दुसरीकडंच बघायला लागली.

परवा मोबाइलवर तिचा फोटो आला. तिचा म्हणजे तिच्या खोलीचा. नवे पडदे, खिडकीच्या फळीवर एकच कांदा ठेवलेला, आख्खा. खाली लिहिलं होतं, "ह्यांनीच आणून ठेवलाय, वेळेला असावा म्हणून. अजून लागला नाही. पण नाटक बंद केलंय, आणि आम्ही दोघं हसतो फार."

मी फोटो बघत बसलेली पाहून मालक शेजारी आले. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ निरखलं.

"तिकडं कांदा मोठा दिसतोय," म्हणाले. "काय भाव हाय विचार."

विचारते म्हटलं, आणि त्यांच्या पाठीवरनं हात फिरवला.