दुष्काळातले सराव प्रश्न

बायॉलॉजी शिकवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. प्रश्न विचारला की उत्तराबरोबर ते आपोआप येतात. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर आले, बोर्ड बदलले, नळाला मात्र पाणी नव्हतं! मी कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा तोंडी सराव घेत असे.

* * *

ऑस्मॉसिसचा, म्हणजे पेशीत पाणी झिरपण्याचा, धडा चालू होता. उदगीरच्या सलीमला विचारलं, "ग्लासभर पाण्यात मनुका टाकल्या तर काय होईल?"

"मार बसंल, सर!"

"मनुकांना?"

"न्हाई, मला. अम्मी पाणी मापून देते."

* * *

संगीता किनवटच्या जंगलातली. तिला विचारलं, "साग उन्हाळ्यात पानं का गाळतो?"

"पाणी वाचवायला."

"बरोबर. झाडाला जागा सोडता येत नाही ना!"

"हाव सर. सोडता आली असती तर आमच्या गावासारखं तेबी पुण्याला गेलं असतं."

* * *

प्रॅक्टिकलला बेडूक मिळेनात. सगळं तक्त्यावर शिकवलं. बाहेरगावच्या परीक्षकांनी एकाला विचारलं, "बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?"

"तीन."

"स्वतः पाहिलेत?"

"सर, बेडूकच पाहून दोन वर्षं झाली!"

परीक्षकांनी पूर्ण मार्क दिले.

* * *

एकदा सराव चालू असताना वर्गातल्या मंगलचे वडील बाबाराव दारात आले. "पोरीला घेऊन जातो, सर. घरी पाणी भराया कोणी न्हाई."

"आणि तिची आई?"

"माहेरी धाडली. चारी पोरीच झाल्या. माझी माय माझ्यासाठी दुसरी बायको बघून राहिली."

मंगल मान खाली घालून ऐकत होती. मी म्हणालो, "बसा. एवढा तास होऊ द्या." ते मागच्या बाकावर बसले. मंगलची पाळी आली. यादीतला पुढचाच प्रश्न होता तो, मी बदलला नाही.

"मुलगा की मुलगी, हे कोणामुळे ठरतं?"

मंगल उभी राहिली. "आईकडून एक्स क्रोमोसोमच येतो. बापाकडून एक्स नाहीतर वाय. वाय आला तर मुलगा. म्हणजे ते बापामुळं ठरतं."

बाबाराव उठले.

"सर, हे पुस्तकात हाय?"

"आहे."

"छापलेलं?"

"छापलेलं."

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. दारापर्यंत गेले आणि वळले.

"पोरीला राहू द्या. ते पुस्तक तेवढं द्या. घरी दुसरीचं ठरवायला सोयरे बसलेत."