सोमवारची धाड

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की पोटात ढवळतं. हे मी अलंकारिक बोलत नाही. का, ते पुढे कळेल.

रायगडच्या किनाऱ्यावर, एका खाडीच्या तोंडाशी असलेल्या ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही. रेवसपासून दिघीपर्यंत बोट फिरवा, जिथे बंद पडेल तिथलं समजा. माणसांचीही नावं देत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील आणि गावच्या पालखीला भेटून भांडतील. मी घाटावरचा. उंची साडेसहा फूट (सेवापुस्तकात सहाच्या आत लिहिली आहे, तो कारकून खुर्चीत बसून मोजत होता), आणि आवाज असा की मी सकाळची हजेरी घेतली की थळच्या किनाऱ्यावरचे बगळे उडायचे.

माझं तत्त्व एकच. शिपायाकडून जे करवून घ्यायचं, ते आधी साहेबाने करायचं. माझ्या आधी बंदरावरची मासळी ठाण्यात आपल्या पायांनी चालत यायची. मी रुजू झालो त्याच आठवड्यात पिशवी घेऊन स्वतः जेट्टीवर गेलो, एका मावशीसमोर उकिडवा बसलो, घासाघीस केली आणि रोख देऊन बांगडे घेतले. पंधरा दिवसांत अख्खं ठाणं पिशव्या घेऊन फिरू लागलं. तेव्हापासून माझा नेम ठरला: सकाळी सातला जेट्टीच्या टपरीवर दोन चहा, मग मावशीची मासळी. सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून. ते वार मी पाळतो, त्या दिवशी चहाही ठाण्यातच.

बोटीतही तेच. धाडीला साहेब नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, सगळ्यांच्या पुढे. लाइफ जॅकेट घालत नव्हतो, कारण ते नारिंगी जाकीट चढवून बसलं की अधिकारी मखरातल्या मूर्तीसारखा दिसतो. मी घालत नाही म्हटल्यावर कोणीच घालत नसे. याचा मला अभिमान होता.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. मला बोट लागते. साधी नाही. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीकडे नुसतं पाहिलं तरी मला जमीन धरावीशी वाटते. म्हणून धाडीच्या दिवशी मी उपाशी निघायचो. चहा नाही, आणि मासळीचा वास नको म्हणून जेट्टीच्या त्या बाजूला फिरकायचोही नाही.

तर खबर आली ती खाडीपलीकडच्या एका भातशेतकऱ्याकडून. रात्रंदिवस सक्शन पंप लावून रेती ओढतात, खाली पोकळी झाली की आमचा खारबांध खचतो, एका उधाणात खारं पाणी भातात शिरेल, असं तो सांगत होता. मी त्याला शब्द दिला. पाच दिवसांनी, बुधवारी, भरतीच्या वेळेला धाड घातली. खाडी रिकामी. पंप नाही, बार्ज नाही. काठावर चूल होती आणि तिच्यावर चहा उकळत होता. पुढच्या धाडीला शुक्रवारी तेच. मग एका सोमवारी एक बार्ज सापडला, पंचनामा झाला, मी मिशा पिळल्या. त्यानंतर रविवार, मंगळवार, पुन्हा बुधवार: नुसती चूल.

शेतकरी ठाण्यात आला. बसला नाही. म्हणाला, "सायेब, खाडीला न्हाय, तुमच्या ठाण्याला भोक पडलंय."

ते वाक्य भिंतीला चिकटून राहिलं. पोलीस ठाण्यात एकदा संशय शिरला की तो आधी चहात शिरतो. पूर्वी एका किटलीत सगळे प्यायचे. आता जो तो आपला पेला घेऊन वेगळ्या खिडकीशी. मी आत आलो की मोबाइल पालथे पडायचे. वायरलेसवरचा शिपाई लघवीला गेला तरी त्याच्या मागून एक जण जायचा. मी तर ठाण्याच्या मांजरावरही आठ दिवस नजर ठेवली. ते धाडीच्या सकाळी हटकून बंदराकडे जायचं. सगळ्यात मोठ्याने बोलायचा तो एक जाडजूड हवालदार: "साहेब, बाहेरचा चोर परवडला. हा घरातला आहे."

धाड कुठे आहे ते मी बोट सुटल्यावरच सांगू लागलो. बोटीत बसण्यापूर्वी सगळ्यांचे मोबाइल बिस्किटांच्या डब्यात, पहिला माझा. वरिष्ठांची रीतसर परवानगी घेऊन सगळ्यांचे कॉल रेकॉर्ड मागवले, यादीत पहिला नंबर माझा. साहेब आधी, मग फौज.

रेकॉर्ड आले आणि एका नावाशी थांबले. बोट चालवणारा आमचा शिपाई. त्याला आपण तांडेल म्हणू. तिथल्याच कोळीवाड्यातला. भरती-ओहोटी आणि डिझेल बघायचं म्हणून आदल्या संध्याकाळी धाडीची कल्पना फक्त त्याला असायची. त्याचा सख्खा मेव्हणा रेतीच्या बार्जवर कामाला. आणि प्रत्येक धाडीच्या सकाळी, साडेसहाला, त्याच्या मोबाइलवरून घरी एक फोन. अर्ध्या मिनिटाचा. इतर दिवशी नाही.

एवढ्यावर मी माणसं आत टाकली आहेत.

त्याला समोर उभा केला. हवालदार आणि आणखी दोघे तिथेच होते. फोनवर काय सांगत होतास, विचारलं. त्याने हवालदाराकडे पाहिलं. मेव्हण्याचं विचारलं. म्हणाला, लग्न झाल्यापासून बोलणं नाही. पुन्हा फोनचं विचारलं, टेबलावर हात आपटून. टेबलाचा पाय तुटला असं मी सांगत असतो. खरं तर तो आधीच हलत होता. तांडेल जमिनीकडे बघत म्हणाला, घरचं बोलणं हाय, सायेब, हितं सांगण्यासारखं न्हाय.

मी कसुरी अहवाल लिहायला घेतला. गोपनीय माहिती फोडल्याचा संशय, निलंबनाची शिफारस. बारा वर्षांची नोकरी एका पानात मावली. फक्त सही आणि जावक क्रमांक बाकी होता. सकाळी टपालात टाकायचा म्हणून खणात ठेवला. हे ठाण्यात सगळ्यांना कळलं, कारण मी लिहितानाही मोठ्याने लिहितो.

दुसऱ्या दिवशी हजेरीनंतर तांडेल केबिनच्या दारात आला. दार लावू का, म्हणाला. लाव म्हटलं. दार लावून तो इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं.

"सायेब, फोनवर मी बायकोला सांगायचो, लिंबं काप, मीठ लाव, डबीत भर."

नाळेजवळ, माझ्या पायाशी, प्रत्येक धाडीला एक प्लॅस्टिकची डबी असायची. तीत मिठातल्या लिंबाच्या फोडी. कोणाचं लक्ष नाही असं बघून मी एक तोंडात टाकायचो. मला वाटायचं, तांडेल स्वतःसाठी ठेवत असेल.

"पहिल्या दिवशीच बघितलं मी. तुमी तोंड बाहेर काढून बसला होता. तवापासून लाटेला नाळ दाखवूनच चालवतो, आडवी घेत न्हाय. दीड वर्स कोणाला सांगितलं न्हाय, सायेब. तुमची उलटी सांगितली न्हाय, तर धाड कशी सांगीन?"

छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझा कागद खोटा पाडणारे आरोपी शून्य. शिपाई एक.

मी एवढंच विचारलं, की मग फोडतं कोण. त्याने दार नीट लागलंय का पाहिलं. मग म्हणाला, "राग नका मानू. तुमीच फोडता. डायरी काढा, वार बघा."

स्टेशन डायरी काढली. बुधवार, शुक्रवार, रविवार, मंगळवार, बुधवार: फुकट. सोमवार: बार्ज. तांडेल म्हणाला, सोमवारी तुम्ही म्हावरं घेतच नाही, तेव्हा घेतलं नाही याचा कोणाला पत्ता नाही. बाकीच्या वारी सात वाजता साहेब टपरीवर नाही, मावशीकडे नाही, म्हणजे साहेब उपाशी. साहेब उपाशी म्हणजे साहेब होडीत. हे मला कळतं तर दुसऱ्यालाही कळत असणार.

मी पायीच जेट्टीवर गेलो. मावशीला विचारलं, मी मासळी नेली की नाही, हे कोण विचारतं का? ती कोयत्यावर बांगडा साफ करत होती. म्हणाली, मोटारसायकलवाला एक येतो रोज. सायेबांनी काय नेलं विचारतो, तेच घेतो. मला वाटलं, सायेबांची निवड चांगली म्हणून घेत असंल. मी विचारलं, आणि मी नसलो तर? "तर काय घेत न्हाय. फोन लावत जातो." मग हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. "आता हापिसर म्हटल्यावर अख्खा बंदर तुमच्या पिशवीकडं बघतो. आमी काय करावं?"

आता धाड शुक्रवारची ठरवली. सातला मी जेट्टीवर हजर. दोन चहा प्यायलो, वर टपरीवाल्याचा वडापाव. मावशीकडून सुरमई घेतली, एवढी मोठी की शेपूट जमिनीवर घासत होती. आणि घासाघीस अशी मोठ्याने केली की पलीकडच्या काठावर ऐकू जावी. मोटारसायकलवाला उभा होता. त्यानेही सुरमई घेतली आणि निर्धास्त निघून गेला.

नऊला आम्ही बोटीत. पुढच्या वीस मिनिटांत काय झालं याची साक्ष सात पोलीस, दोन पंच आणि एक तलाठी देतील. मी कोणापासून काही लपवलं नाही. लपवण्याजोगं पोटात काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी खाडीला दोनदा भरती आली, एक समुद्राची आणि एक माझी, असं कोळीवाड्यात अजून सांगतात. रेतीवाल्यांच्या पहारेकऱ्याने आम्हाला लांबून पाहिलं होतं. त्याने नंतर जबाबात सांगितलं, की पुढे एक माणूस ओकत लोंबकळतोय, तेव्हा मुंबईचे पर्यटक असतील असं वाटलं. आम्ही बार्जला बोट लावली तेव्हा पंप चालू होते. मी गप्पांत अकरा बार्ज सांगतो. पंचनाम्यात चार आहेत. पंचनामा खरा धरा. दुपारी मोटारसायकलवाल्यालाही उचलला. त्याच्याकडून सगळी साखळी उलगडली. खारबांध उधाणाआधी दुरुस्त झाला.

पण केस इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीला मी खणातला अहवाल बाहेर आणला आणि सगळ्यांसमोर तांडेलाच्या हातात दिला. म्हटलं, हा चुकीचा आहे, माझ्या हातचा आहे, फाड. तो फाडेना. म्हणाला, सायेब, तुमच्या हातची अक्षरं मी कशी फाडू. शेवटी मीच फाडला. मग स्टेशन डायरी मागवली आणि स्वतःच्या हाताने नोंद घातली: धाडीची माहिती प्रभारी अधिकाऱ्याच्या दैनंदिन वर्तनावरून बाहेर कळत होती, अंमलदारांपैकी कोणाचाही दोष नाही, प्रभारी अधिकाऱ्यास बोट लागते. नंतर वरिष्ठांनी बोलावून विचारलं, हे शेवटचं वाक्य सरकारी कागदात कशाला? मी म्हटलं, साहेब, तेच पहिलं असायला हवं होतं.

हजेरीत ती नोंद वाचून दाखवली तेव्हा कोणी हसलं नाही. तो जाडजूड हवालदार, ज्याने तांडेलावर सगळ्यात जास्त बोट रोखलं होतं, एक पाऊल पुढे आला. कानापर्यंत लाल झाला होता. म्हणाला, "साहेब, मला पोहता येत नाही. चौदा वर्षं झाली किनाऱ्यावर."

चौदा वर्षं. त्यातलं दीड वर्ष माझ्या मागे, बिनजाकिटाचा, भरल्या खाडीत. साहेब घालत नाही, मग आपण कसं मागायचं?

उदाहरण घालून देणं म्हणजे काय, ते मला त्या हजेरीत कळलं. आपण बांगडे विकत घेतले, ते लोकांनी उचललं, चांगलं झालं. पण आपण जाकीट घातलं नाही, तेही उचललं. आपण दुखणं लपवलं, तेही उचललं. आपण एका माणसावर संशय घेतला, तर अख्ख्या ठाण्याने त्याच्याबरोबर चहा सोडला. आपल्यातलं काय घ्यायचं, हे घेणारा ठरवतो. आणि सगळ्यात बारकाईने बघणारा आपला शिपाई नसतो, चोर असतो.

पुढच्या धाडीला मी नाळेवर बसण्याआधी जाकीट चढवलं. मखरातल्या मूर्तीसारखाच दिसत असणार. मागे वळून पाहिलं, तर सात नारिंगी जाकिटं. हवालदाराने आपले पट्टे तीनदा आवळून बघितले. तांडेलाने इंजिन सुरू केलं, नाळ लाटेला धरली आणि पायाने डबी माझ्याकडे सरकवली. ती जुनी डबी नव्हती. चांगला मोठा जेवणाचा डबा होता. मी एक फोड घेतली, झाकण उघडंच ठेवून डबा मागे दिला. परत आला तेव्हा त्यात नुसतं मीठ उरलं होतं.